दुखण्यांची भारदस्त नावं

फिजिओथेरपिस्टला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप जमतात. पेशंट वीस मिनिटं पालथा पडलेला, पाठीवर शेक, बघायला समोर फक्त फरशी. तो बोलणार नाही तर काय करणार? मी मूळची चिपळूणची. नवऱ्याच्या सरकारी नोकरीमुळे सिल्वासात आले आणि तिथल्याच आमली भागात दवाखाना टाकला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. माणूस दुखण्याला जेवढा घाबरत नाही, तेवढा त्याच्या नावाला घाबरतो!

*

जाधवकाका जवळच्या सायली गावातल्या एका कारखान्याची गाडी चालवतात. गुडघ्याच्या रिपोर्टात 'डिजनरेटिव्ह चेंजेस' वाचून ते आले, ते थेट निरोपाच्या तयारीनंच. आता नोकरी सोडून नाशिकला गावी जाऊन बसतो म्हणाले. मी समजावलं, काका, याचा अर्थ वयोमानानं झालेली झीज. केस पिकतात तसे सांधेही थोडे झिजतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काकांनी शांतपणे टोपी काढली. डोक्यावर औषधालाही केस नव्हता.

"मग माझं काय समजायचं, मॅडम?"

मी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले. काका अजून गाडी चालवतात.

*

आमच्या बाहेरच्या बाकावर एक रीत आहे. बसलं की आधी आपला रिपोर्ट शेजारच्याला वाचायला द्यायचा. एकदा शाळेतल्या सावंत मॅडम आणि रंजनबेन अशाच एकमेकींचे कागद वाचत बसल्या. मॅडमचे गुडघे दुखायचे, बेनना मानेचा स्पॉन्डिलोसिस, म्हणजे मानेच्या मणक्यांची झीज. उठताना व्यायामाचे कागद बदलले. दोघींनी आठ दिवस एकमेकींचे व्यायाम अगदी नेमानं केले.

मॅडम आल्या त्या खुशीतच. "गुडघा जरा तसाच आहे, पण मान किती हलकी झाली हो!"

*

पुढच्या किस्स्यात चूक सर्वस्वी माझी. खेडहून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी घसरून पडल्या आणि मनगट मोडलं. तपासणीत ऑस्टिओपोरोसिस निघाला. प्लास्टर निघाल्यावर त्या माझ्याकडे यायला लागल्या. मी कोकणातली, तेव्हा कोकणातलंच उदाहरण दिलं. म्हटलं, आजी, हाडं आतून विरळ होतात, घावनाला जाळी पडते ना, तशी. आजींना एकदम पटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांची सून तक्रार घेऊन आली. सासूबाईंनी घावन सोडलं होतं आणि घरात कुणालाच करू देत नव्हत्या. शेवटी मी त्यांच्या घरी गेले आणि आजींच्या डोळ्यांदेखत चार घावनं खाल्ली. माझी काही तक्रार नाही.

*

सुनंदाताई पाटील भुसावळकडच्या. नवरा सायलीत धाग्याच्या कारखान्यात मशीनवर. ताईंचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. पहिल्या दिवशी त्यांनी दबक्या आवाजात एवढंच विचारलं, "लकवा तर नाही ना, ताई? हात गेला का माझा?"

'फ्रोझन शोल्डर' हे नाव ऐकून त्या आणखीच पांढऱ्या पडल्या. मी सांगितलं, खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण आखडलंय. हात गेलेला नाही, अडकलाय. सुटेल, पण महिने लागतील. त्यांना ते काही खरं वाटलं नाही.

रोज बोटांनी भिंत चढायची आणि बोटं पोचतील तिथे पेन्सिलीनं खूण करायची, हा त्यांचा व्यायाम. पहिला महिनाभर खुणा एकाच जागी पडत राहिल्या. एक दिवस त्या रडायलाच लागल्या. स्वतःची वेणीसुद्धा घालता येत नाही म्हणाल्या. मग कोण घालतं, मी विचारलं. त्या रडता रडता लाजल्या. ड्युटीला जाण्याआधी नवरा घालत होता. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हा माणूस घरात मोजकंच बोलायचा. आता रोज सकाळी कंगवा घेऊन मागे बसायचा आणि कारखान्यातलं, गावाकडचं, काय काय सांगत राहायचा. वेणी वाकडी यायची, ते मला दवाखान्यात दिसायचं, पण मी कधी चूक काढली नाही.

सात महिन्यांनी ताईंची बोटं भिंतीवरच्या सगळ्या खुणा ओलांडून गेली. मी म्हटलं, हात डोक्यामागे न्या बघू. गेला! दोन्ही हातांत स्वतःची वेणी धरून त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. मी म्हटलं, आता घरी जाऊन आधी पाटीलभाऊंना दाखवा.

त्यांनी हात चटकन खाली घेतला. "त्यांना इतक्यात सांगू नका, ताई."

आठवड्यानं पाटीलभाऊ एकटेच आले, कारखान्याच्या कपड्यांतच. बसा म्हटलं तरी बसेनात. भाऊंनी हाताचं विचारलं तर काय सांगायचं, याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करत होते.

"परवा तिनं उजव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढला," ते म्हणाले. "मी दारातून पाह्यलं."

मग दाराकडे वळत म्हणाले, "तुम्ही तिले काही बोलू नका."