साखळीला लावलेलं कुंकू

देवाला, उंबऱ्याला, लेकी-सुनांना कुंकू लावण्यात माझा जन्म गेला. इंजिनाला मात्र एकदाच लावलं, आणि तेही चिडून.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. नांदेडात आमच्या घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं आमचे हे मोटारी दुरुस्त करायचे. गावातल्या डॉक्टरांची मोटार तीन वेळा येऊन गेली तरी खोकतच होती. उमरीकडचे रोगी खोळंबायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, ही शेवटची खेप. नाहीतर गाडी हैदराबादला पाठवतो."

ह्यांनी जेवण टाकलं. पैशाचं दुःख नव्हतं. ती मोटार गेली असती तर गावाला कळलं असतं, जे फक्त मला ठाऊक होतं: ह्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता. मला त्यांनी सांगितलं नव्हतं. पण ताटातली चटणी बोटानं चाचपडून शोधणारा नवरा बायकोपासून काय लपवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प होते.

सकाळी शेडमध्ये चहा घेऊन गेले. इंजिनाचं तोंड उघडं होतं. आत दात्यांची दोन चाकं, एक खाली लहान, एक वर मोठं. दोन्हींवर एकेक बारीक खड्डा असतो. ते खड्डे समोरासमोर आणायचे आणि मग साखळी चढवायची. एक दाता जरी चुकला तरी इंजिन खोकतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यांनीच मला हे कौतुकानं दाखवलं होतं. आता ते नखानं खड्डा शोधत होते. साखळी चढवून झाली होती, आणि वरचा खड्डा एक दाता सरकलेला मला उभ्या उभ्या दिसला.

"अहो, एक दाता चुकलाय."

"तू चूल बघ."

माझं डोकं तापलं. "चूल बघतेच. पण ह्या दोन चाकांनी तोंडं फिरवलीत, तेही बघते."

ते पाठमोरेच उभे राहिले. त्या पाठीकडं बघून मला माझ्या जिभेचा राग आला. घरात गेले, कुंकवाची डबी आणली, तेलाच्या थेंबात कालवलं आणि दोन्ही खड्ड्यांत बोटानं भरलं.

ह्यांनी अगदी वाकून बघितलं. "लाल दिसून राहिलंय," म्हणाले. साखळी उतरवली, ठिपके समोरासमोर आणले, पुन्हा चढवली. मग इंजिनाचं हँडल सावकाश दोन पुरे फेरे फिरवलं. ठिपके फिरून पुन्हा एकमेकांसमोर आले. मी श्वास सोडला.

झाकण बसवायच्या आतच डॉक्टर हजर. "हे काय, मिस्त्री?"

"माहूरच्या देवीचं कुंकू हाय, साहेब. लावल्याबिगर साखळी चढवत न्हाई मी."

मी लाल बोट पदराखाली लपवलं. डॉक्टर चाकांकडं बघत राहिले, मग ह्यांच्या डोळ्यांकडं. "देवीनं बरोबर खुणेचाच दाता हेरला म्हणायचा."

झाकण बसलं, रेडिएटर चढला, पाणी भरलं. ह्यांनी हँडल मारलं. इंजिन पहिल्याच फेऱ्याला सुरू झालं आणि न खोकता चालत राहिलं.

डॉक्टर मोटारीत बसले. "उमरीहून आलो की दवाखान्यात या. डोळे बघू."

ह्यांचा चेहरा उतरला. "अन् मोटार, साहेब?"

"मोटार कुठं जाते? इथंच येईल."

धूळ बसेपर्यंत हे रस्त्याकडं बघत होते. मग गार झालेला चहा एका घोटात प्याले. मी डबी उचलून घराकडं वळले.

"ऱ्हाऊ दे ती इथंच, फळीवर," ते म्हणाले. मी डबी ठेवली आणि पुन्हा निघाले.

"अगं, तू कुठं निघालीस? चूल ऱ्हाऊ दे जरा."