दातांवरून वय

आमच्याकडे शेळीचं वय कुणी विचारत नाही. खालचा ओठ अंगठ्यानं खाली ओढायचा आणि दात बघायचे. सगळे दुधाचे असले तर आदत, पुढचे दोन मोठे आले की दोन दाती, मग चार दाती, मग जुळलेली. त्यानंतर दात झिजतात, फटी पडतात, एखादा गळतो, मग ती म्हातारी. शाळेत मी सातवीपर्यंतच टिकलो, पण हे मला पाटीवर अक्षर काढायच्या आधीपासून येत होतं. वडिलांकडे लोकांच्या शेळ्या असायच्या, वाट्यानं. शेळी त्यांची, चारायची आम्ही, करडं निम्मी निम्मी. त्याची एक रीत होती. वाट्याचं जनावर आजारी पडलं, थकलं, की आधी मालकाला बोलावून दाखवायचं. मेलं तरी मालकानं बघितल्याशिवाय पुरायचं नाही. न दाखवता पुरलं तर विकून खाल्लं असंच लोक म्हणणार. "दाखवलं की आपण मोकळे," वडील म्हणायचे.

ही एवढी अक्कल घेऊन मी घाटकोपरला आलो, आणि ती एका हॅमस्टरवर चालवायला गेलो.

पंखे आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात मला काम मिळालं होतं, तांब्याची तार गुंडाळायचं. राहायला जागा नव्हती. डोंगरावरच्या चाळींत विचारत फिरलो. लोक आडनाव विचारायचे आणि मग पुढच्या घराकडे बोट दाखवायचे. एका चाळीतल्या काकूंनी आडनाव विचारलं नाही. "मासे खातंस मां?" एवढंच विचारलं आणि पोटमाळा दाखवला. त्यांचं ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. त्या कोकणातल्या. काका गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर दिंडोशीला एका वसाहतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले होते. दिवसा ते झोपलेले असायचे, त्यामुळे घरात सगळे हळू बोलायचे. त्यांची एकच मुलगी, तेव्हा नुकती शाळेत जायला लागलेली. मी घरात कायम धास्तावलेला असायचो. आपल्या पायाचा आवाज होतोय का, आपण जास्त भात घेतला का, उद्या ह्यांनी 'जा' म्हटलं तर कुठे जायचं.

मी आलो त्याच सुमाराला तो आला. काकूंचे भाऊ चेंबूरला राहायचे, ट्रॉम्बेला नोकरीला होते. त्यांच्या शेजाऱ्यांकडे पिल्लं झाली होती, त्यातलं एक ते चपलेच्या खोक्यातून भाचीसाठी घेऊन आले. लिंबाएवढं, गव्हाच्या रंगाचं, काळे मणी लावल्यासारखे डोळे. मी असलं जनावर कधी बघितलं नव्हतं. काकूंनी कपाळाला हात लावला. "उंदराक कोण पोसता?" पण दूध ठेवायचं जुनं जाळीचं कपाट त्यांनीच रिकामं करून दिलं.

त्याला फिरायला चाक पाहिजे असं मामांनी सांगितलं होतं. मी दुकानातून तारेचं मोठं रिकामं रीळ आणलं आणि जाड तारेवर बसवून दिलं. दिवे लागले की तो त्यात चढायचा आणि धावत सुटायचा, खर्र खर्र आवाज. काकांची कामावर निघायची वेळ त्या आवाजावरून कळायची. शेंगदाणे दिले की दोन्ही गालांत कोंबायचा. तोंड डोक्यापेक्षा रुंद व्हायचं. पोरगी हसून हसून लोळायची आणि झोपलेल्या बापाकडे बघून तोंडावर हात ठेवायची.

एकदा मी तिला वाट्याच्या शेळ्यांचं सगळं सांगितलं, दातांचंही. तिनं लगेच ठरवून टाकलं. "मग हा पण वाट्यानं. मी मालक. दादा, तू चारायचं."

"आणि करडं?"

"निम्मी निम्मी."

तो एकटाच असल्यामुळे करडांचा प्रश्न आला नाही, पण वाटा ठरला तो ठरला. खाणं-पाणी, कपाट धुणं, भुसा बदलणं माझ्याकडे आलं. मला ते बरं वाटायचं. त्या घरात माझं असं एक काम होतं.

मग एका मे महिन्यात ती आत्याबरोबर कोकणात गेली. जाताना जाळीला नाक लावून उभी राहिली. "दादा, मी येईपर्यंत बघशील ना?" मी म्हटलं, बघतो. त्यात काय.

ती गेल्यावर घर शांत झालं, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा लक्षात आलं की खर्र खर्र आवाज येत नाहीये. किती दिवस येत नव्हता कोण जाणे. तारेला गंज चढला असेल म्हणून मी तेल घातलं. तो चाकाजवळ आला, एक पाय आत ठेवला, आणि परत जाऊन कोपऱ्यात बसला. शेंगदाणा दिला तर गालात भरला नाही. पुढच्या दोन पायांत धरून नुसता बसून राहिला, एखाद्या म्हाताऱ्यानं हातात विडी धरावी आणि पेटवायचं विसरावं तसा. हे मला तेव्हा सुचलं होतं, तरी मी त्यावरून काही समजलो नाही.

दुसऱ्या दिवशी भुसा बदलायला म्हणून त्याला उचललं. हाताला हाडं लागली. पोटाखालचे केस गेले होते, कातडी उघडी, गुलाबी, सुरकुतलेली. पाठ कमानीसारखी वर आलेली. एका डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं होतं. मी रोज ह्याला खायला घालत होतो, रोज बघत होतो, आणि मला यातलं काही दिसलं नव्हतं. हे आज सकाळी झालं की महिन्यापूर्वी, तेही सांगता येईना. 

मग मला येत होतं ते मी केलं. मानेवरची कातडी धरून काडेपेटीच्या काडीनं ओठ उचलला आणि दात बघितले. लांब, पिवळे, एकही हललेला नाही, एकही झिजलेला नाही. माझा जीव भांड्यात पडला. तरणा आहे म्हणजे. तरण्या जनावराला काय होतं, जंत होतात, पिसवा होतात, उष्मा बाधतो. मी कडुनिंबाचा पाला उकळून त्याचं अंग पुसलं, ओव्याचं पाणी पाजायला गेलो. तो मला चावला. चावला याचाही मला आनंद झाला, जोर आहे म्हणून. काकूंना म्हटलं, काळजी करू नका, दात बघा त्याचे. काकू म्हणाल्या, उंदराचे दात बघायला मी काय डॉक्टर आहे का.

पण तो सुधारेना. एकदा पाण्याच्या वाटीकडे जाताना कोलमडला आणि कुशीवर पडून राहिला. पाय हवेत हलत होते, उठता येत नव्हतं. मी सरळ केला तेव्हा काही झालंच नाही असा तो वाटीकडे गेला.

पुढच्या रविवारी मामा जेवायला आले. काकूंनी बांगडे केले होते. जेवण झाल्यावर मामांनी कपाटाचं दार उघडलं, त्याला तळहातावर घेतलं आणि सहज म्हणाले, "म्हातारा झाला रे हा."

मी म्हटलं, "नाही मामा. दात बघा. एक पडलेला नाही."

ते हसायला लागले. "अरे, ह्यांचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. दातांवरून काय कळणार? दोन वर्षं झाली ना? म्हणजे झालंच की त्याचं. नव्वदीचा आजोबा आहे तो आता."

 दोन वर्षं? दोन वर्षांची शेळी म्हणजे चार दाती, दुसऱ्यांदा व्यायलेली, बांध उड्या मारून ओलांडणारी. दोन वर्षांत कसलं म्हातारपण? आणि ती दोन वर्षं म्हणजे माझीच की. मी आलो तेव्हा तो आला होता. मी अजून दुकानात 'नवा' होतो, शेठ मला त्याच नावानं हाक मारायचे. छताच्या पंख्यांपलीकडे मोठी मोटार मला अजून कुणी हातात दिली नव्हती. पोटमाळ्यावर माझी पत्र्याची पेटी होती, तिच्यातले कपडे मी अजून बाहेर काढून लावले नव्हते, न जाणो कधी निघावं लागलं तर. गावी एकदाही जाऊन आलो नव्हतो, बस्तान बसलं की जाऊ म्हणून. आणि तेवढ्यात ह्याचं सगळं आयुष्य होऊन गेलं होतं. लहानपण, तरणेपण, सगळं, त्या रिळात धावून. माझ्या डोळ्यांसमोर. मला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

मामांनी तो परत आत ठेवला आणि बहिणीला म्हणाले, मी ह्याला बरोबर घेऊन जातो. पोरगी येईपर्यंत काही तो टिकत नाही. तिला सांगा, दार उघडं राहिलं, पळाला. काकूंना ते पटलं. मागे पोपट मेला तेव्हा त्यांनी 'उडाला' असंच सांगितलं होतं. पोरीला ते पटलंही होतं. फक्त त्यानंतर ती खिडकीच्या गजात त्याच्यासाठी हिरवी मिरची अडकवून ठेवायची, येईल म्हणून. सुकली की बदलायची. मी आल्यापासून ते चालू होतं.

मामा चपलेचं खोकं मागायला लागले.  ज्या घरात मी भात मागून घेत नव्हतो, तिथे माझ्या तोंडून निघून गेलं, "नको. देता येणार नाही."

दोघं माझ्याकडे बघायला लागले.

"वाट्याचं जनावर आहे," मी म्हटलं. "मालकाला दाखवल्याशिवाय कसं देणार?"

"मालक?" काकू म्हणाल्या. "ता चेडू आठ वर्सांचा नाय अजून. मालक खंयचो?"

"ठरलंय आमचं, काकू. मी बघतो म्हटलंय तिला. मेला तरी दाखवीन."

मामा हसले, म्हणाले, हा तर वकील निघाला. काकू हसल्या नाहीत. आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या, जोरात. आतल्या बाजूला काका झोपले होते, तरी जोरात. मी पोटमाळ्यावर जाऊन पेटीवर बसलो. बरं झालं कपडे आतच आहेत, असं मनात आलं. कुणाच्या दारात जायचं त्याचा विचार करायला लागलो. एका उंदरासाठी, आडनाव न विचारणारं एकच घर मी घालवलं होतं.

 पण त्या रात्री काकूंनी भात नेहमीसारखा वाढला, बांगड्याचा मधला तुकडाही. सकाळी कामाला निघताना बघितलं तर कपाटात डब्याचं एक झाकण ठेवलेलं होतं, त्यात दुधात कुस्करलेला पाव. मी ठेवला नव्हता. मग रोज ते झाकण तिथे असायचं.  मी रीळ काढून टाकलं, पाण्याला उथळ वाटी ठेवली, कोपऱ्यात जुन्या बनियनचा तुकडा घातला. दुकानातून येताना दरवाजाबाहेर थांबायचो, श्वास घ्यायचो, मग आत शिरायचो. तो हलताना दिसला की पाय धुवायचो.

पोरगी आली ती उन्हानं काळी होऊन, हातात काजूगरांची पिशवी. चप्पल न काढताच जाळीकडे धावली.

"ह्याचे केस कुठे गेले?"

मी वडील म्हणायचे तसंच म्हटलं. दुसरं काही मला येत नव्हतं. "मालक, तुमचं जनावर थकलंय. बघून घ्या."

मालक म्हटल्यावर ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. दार उघडून तिनं त्याला हळूच वळवलं, मी सांगितलं होतं तसा ओठ बोटानं खाली ओढला. "पण दात तर आहेत."

"आहेत. ह्यांचं दातांवरून कळत नाही. मलाही माहीत नव्हतं."

"मरणार?"

"हो."

"कधी?"

"ते नाही माहीत."

 रडेल म्हणून मी वाट बघत होतो. ती रडली नाही. मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं आणि विचारलं, "आई, पोपट उडाला होता ना?"

काकू भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मी खाली बघितलं. हे माझ्यामुळे झालं होतं.

"नाय गो बाय," काकू म्हणाल्या. "मेलो तो. मी सांगूक नाय तुका."

"मग मला दाखवला का नाही?"

 काकूंनी पिठाच्या हातानं डोळा पुसला आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीच्या गजात मिरची नव्हती. कपाटातली पाण्याची वाटी तिनं माझ्या आधी उठून भरली होती, काठोकाठ, पाणी पिताना त्याच्या मिशा बुडत होत्या.