श्रीपतभाऊंचा शेरा

मोहोपाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या श्रीपतभाऊंना घरातली फुटकी वस्तू दाखवायची सोय नाही. मागं माझ्या हातून काचेची बरणी पडली. मी केर भरतेय, तर हे दारात उभे. "बाई, याला नुसतं फुटली म्हनू नका. ह्ये फ्लिंडर्स." मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. फुटलं ते फुटलं, त्याचं बारसं कसलं करताय, असं मी फटकारलं. पण त्यांना राग म्हणून येत नाही, हाच त्यांचा मोठा दोष.

रसायनीच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेतलं काचसामान धुण्यात त्यांचा उभा जन्म गेला. शिक्षण दहावी नापास. तिथल्या जुन्या साहेबांकडे त्यांच्या आजोबांची इंग्रजी डिक्शनरी होती, आणि मोडतोडीच्या रजिस्टरात प्रत्येक वस्तूपुढं नेमका शब्द लिहिल्याशिवाय ते सही करत नसत. कड उडाली तर चिप्ड, ढलपी निघाली तर स्पॉल्ड, ठिकऱ्या झाल्या तर फ्लिंडर्स. साहेब गेले, कॉम्प्युटर आला, आणि सगळ्याला एकच शब्द उरला, ब्रोकन. श्रीपतभाऊ मात्र निवृत्त होईपर्यंत वेगळ्या वहीत जुनेच शब्द लिहीत राहिले. चुकीचा शेरा मारणं त्यांच्या लेखी चोरीच.

असा हा शब्दांचा माणूस घरात मात्र मुका. चार वर्षांपूर्वी त्यांच्या एकुलत्या एका मुलीनं, मेघानं, किरणशी लग्न केलं. पोरगा गुणाचा, पण खालापूरकडच्या हिंदू शेतकरी घरातला. भाऊंच्या बायकोनं, उज्ज्वलावहिनींनी, धसका घेतला. आपण बौद्ध, ती माणसं आपल्या पोरीला चुलीपाशी येऊ देणार नाहीत, ही त्यांची भीती. त्या भीतीपायी तोंडातून नको ते गेलं, "गेलीस तर पुन्हा हा उंबरा चढू नको."

मेघा गेली. पुण्याला राहते. पुणं काय, इथून दोन तासांवर. पण आई बोलावत नाही तोवर ती येणार नाही, आणि वहिनी काही बोलावणार नाहीत. दोघी एकाच मुशीतल्या. मधल्या मधे भाऊ झुरत होते. गल्लीत रिक्षा थांबली की बोलता बोलता त्यांचं लक्ष उडायचं. मला ते बघवत नसे.

"मग कळवा ना तिला, आईनं बोलावलंय म्हणून," मी एकदा म्हटलं.

"ती बोलवत नाय, बाई. खोटं कसं ल्हिऊ?"

गेल्या डिसेंबरात एका शुक्रवारी त्यांनी अखेर मेसेज धाडला. इंग्रजीत, दोनच शब्द. 'मदर क्रेझ्ड.' आणि उत्तरात नकार आला तर काय, या धास्तीनं फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला.

शनिवारी सकाळी मेघा हजर. उंबरा न चढता ती घराला वळसा घालून थेट परसात शिरली. आवाज ऐकून मीही कुंपणापाशी गेले. वहिनी सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. "किती वाळलीस गं," एवढं म्हणाल्या आणि पुन्हा सुकट निवडू लागल्या.

मेघा आईकडे बघतच राहिली. मग मागच्या दारात आलेल्या भाऊंकडे वळली. "आप्पा, आईला वेड लागलंय असं लिहिलंत तुम्ही. रात्रभर डोळा लागला नाही माझा. ही तर चांगली आहे." रागारागानं ती निघायलाच वळली.

"वेड कुठं ल्हिलं मी?" भाऊ गडबडले. "अगं, चिनी मातीची वाटी आसते ना, लय येळा जाळावर चढली की तिच्या चकाकीला बारीक रेघा पडत्यात, कोळिष्टकावानी. फुटलेली नसते. पानी धरते. पन परत जाळावर ठेवायची नाय. त्याला आमचे साहेब क्रेझ्ड म्हनायचे. तुजी आई तशी झालीया. रांधते, हसते बी. मी रोज बघतो ना."

मी मराठीची मास्तरीण, पण याला माझ्याकडे शब्द नव्हता.

वहिनींचा सुपातला हात थांबला होता. "ह्ये तुमी मला कदी बोलला नाय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"तू इचारलं नाय."

वहिनी सूप घेऊन आत निघाल्या. दारात थांबल्या. लेकीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "किरण सुकट खातो का गं?"

चार वर्षांत त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मेघा नुसती हो म्हणून मान डोलावत राहिली.