स्टेरिंगचे अडीच फेरे

२०२२ सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा. हे मी आजवर कोणाजवळ बोललो न्हाई — बायकोजवळ न्हाई, देवासमोर सुद्धा न्हाई.

तिसरी शिकलेला माणूस मी. लिहिताना हात अडतो. स्टेरिंगवर मात्र कधी अडला न्हाई. जालन्याच्या एमआयडीसीतून सळई भरून बत्तीस वर्षं ट्रक चालवला. हे सांगतो, कारण त्याचाच मला माज होता. होता कशाला — आहे.

माझी नात वैष्णवी कॉलेजात होती. शिकवण्या घेऊन तिनं स्वतःच्या कमाईचं एक स्टेरिंग आणलं, टेबलाला आवळायचं. त्यानं कॉम्प्युटरवर रेसची गाडी चालवायची. मला वाटलं, खेळणं. पण रस्ता खराब आला की ते हातात थरथरायचं, वळणावर जड व्हायचं — बराबर गाडीसारखं.

एकदा माझे दोन जुने ड्रायव्हर दोस्त चहाला आल्ते. वैष्णवी म्हणाली, "आबा, बसा बरं." बसलो. पहिल्याच वळणाला भिंतीत गेलो. दुसऱ्याला पण. दोस्त म्हणाले, "बत्तीस वर्षं सळई पोचवली, का रस्त्यानं सांडली?" वैष्णवी पण हसली. मायेनंच हसली — पण हसली. म्हणाली, "आबा, हा ट्रक न्हाई. ह्या गाडीचं स्टेरिंग मी तीनशे साठवर ठेवलंय. एका फेऱ्यात पार ह्या टोकापासून त्या टोकाला जातं. तुमच्यासाठी नऊशे करते, अडीच फेरे." आकडा कसा बदलायचा, तेही दाखवलं.

मला राग आला का? आला. कशाचा, ते आजही नीट सांगता येत न्हाई.

मंग ती कॉलेजात गेली की मी दार लोटून बसायचो. आकडा नऊशे करायचा, शिकायचं, ती यायच्या आत परत तीनशे साठ. महिनाभर हेच. घरात कोणाला पत्ता न्हाई.

आता मूळ गोष्टीकडं येतो. मघापासून टाळून राह्यलो, तुमच्या ध्यानात आलंच असंल.

एका रविवारी दुपारी तिची स्पर्धा होती, घरूनच. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, अडून बसल्ता — पहिल्या दहात आली तर ठीक, न्हाईतर हे सामान घरातून जाईल. सकाळभर सराव करून ती जेवायला उठली. तेवढ्यात मी बसलो. नऊशे केलं, दोन चकरा मारल्या. ती हात पुसत यायची चाहूल लागली, ती खोलीत यायच्या आत मी जल्दी उठलो. आकडा तसाच राहिला.

इथपर्यंत चूक म्हणा. पण ती खुर्चीत बसली तेव्हा मला आठवलं होतं. सुरू व्हायला अजून अवकाश होता — एक वाक्य पुरलं असतं. का न्हाई बोललो? बोललो असतो तर सगळ्यांना कळलं असतं, हा म्हातारा चोरून शिकून राह्यला. एवढंच. एवढ्यासाठी गप बसलो.

रेस एकदा सुटली की थांबवता येत न्हाई. पहिल्या वळणाला तिनं नेहमीसारखा हात फिरवला, तो पुरला न्हाई. गाडी सरळ भिंतीत. पुढं तिनं सावरून घेतलं, पण शेवटून दुसरी आली. मंग तिनं आकडा बघितला. म्हणाली, "जेवायला उठताना मीच काहीतरी दाबलं असंल."

आणि मी काय बोललो? "गाडी काढायच्या आधी स्टेरिंग दोन्हीकडं फिरवून बघत न्हाई, तो ड्रायव्हर कसला?" आमच्या धंद्यातला पहिला नियम. तिच्या बापासमोर, आईसमोर बोललो. तिनं मान खाली घातली. "बराबर आहे, आबा," म्हणाली.

आता ती पुण्यात नोकरीला आहे. कधी विषय निघाला तर अजून स्वतःलाच दोष देते. मी ऐकून घेतो.

त्या रेसच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं स्टेरिंग विकायला काढलं. वैष्णवी खोलीबाहेर आली न्हाई. टेबलाचे स्क्रू मीच सोडवले, खोक्यात भरलं, ताडपत्रीला मारतात तशी गाठ सुतळीला मारली, आणि स्कूटीवर पायापाशी ठेवून मस्तगडच्या जुन्या सामानाच्या दुकानात नेलं. दुकानदारानं विचारलं, ह्यात काही खराबी हाय का?

मी म्हणालो, बिलकुल न्हाई.