कुरडयांच्या लुगड्यात मोठी झाले

मी मोठी झाले ती एका उन्हाळ्यात, भर दुपारी, जेमतेम अर्धा तास.

झरी गावी आमच्या अंगणात तेव्हा कुरडया वाळत होत्या. निजामाचं राज्य नुकतंच गेलं होतं, पण अंगणातलं आईचं राज्य होतं तसंच होतं! बाजेवर जुनं नऊवारी लुगडं अंथरून तिनं त्याच्या अर्ध्या भागावर ओल्या कुरडया घातल्या होत्या; उरलेलं अर्धं खाली लोंबत होतं. मी काठी घेऊन कावळे हाकायला. (परकर नेसणाऱ्या पोरींचं काम हेच!) लुगडं नेसणाऱ्या बायका ओसरीत शेवया वळत होत्या आणि कुजबुजत होत्या.

"काय बोलायलाव गं?" मी ओरडून विचारलं.

"मोठी झालीस की कळंल," आई म्हणाली. "तू कावळे हाकल."

झालं! बाळ कुठून येतं, शेजारची नवी सून का रडते, सगळ्याला हेच उत्तर. मला राहवेना. जागा सोडायची नव्हती, म्हणून मी जागेवरच मोठी व्हायचं ठरवलं. लोंबणारं लुगडं कमरेला गुंडाळलं, घट्ट गाठ मारली, पदर नाकापर्यंत ओढला आणि कान टवकारले. ऐकू आलं ते चक्क माझंच नाव!

तेवढ्यात शेजारच्या सोजरकाकूंनी मला पाहिलं. त्यांची नजर अधू.

"कोण हाय गं? उन्हात का बसलीस? ये की बाई, हात लाव शेवयाला!"

मला 'बाई' म्हणाल्या! हरखून मी उठले आणि ऐटीत ओसरीकडे निघाले. माझ्यामागून लुगडं निघालं, लुगड्याबरोबर कुरडया धुळीत निघाल्या, आणि कुरडयांमागून आमची शेळी!

"अगं माझ्या कुरडया!" आई किंचाळली.

मी घाबरून पळाले. मग तर लुगडं बाजेच्या पायात अडकून बाजही उलटली!

सोजरकाकू हसून हसून लोळायच्याच बाकी होत्या. मी रडत विचारलं, "पण तुमी माझं काय बोलत व्हता?"

"हेच की, पोरगी लय शहाणी झाली, यंदा तिला शेवया वळायला बसवावं का? तुझी माय आत्ताच हो म्हणली व्हती!"

आईनं धुळीतली एक कुरडई उचलली, शेळीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि काठी पुन्हा माझ्या हातात दिली.

आता मला नातवंडं आहेत. तरी चार बायका कुजबुजताना दिसल्या की मी पाऊल उचलण्याआधी मागे वळून बघते, एखादी कुरडई तर येत नाही ना!