पुलगावला हरवलेली आई

भुसावळ सोडलं तेव्हा नुकतं उजाडत होतं. माझी पंधरा वर्षांची लेक शारोन खिडकीशी बसली होती, तोंड बाहेर, केस माझ्याकडे. जानेवारीची थंडी होती आणि आमच्या दोघींत चार दिवसांचा अबोला होता, त्यामुळे डबा जरा जास्तच गार वाटत होता.

निघालो होतो वर्ध्याला. तिथे नालवाडी भागात आमच्यासारखीच एक छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथल्या बायकांनी मला त्यांच्या मातृसभेत बोलायला बोलावलं होतं. विषयही त्यांनीच ठरवला होता, वयात येणाऱ्या मुली आणि आईची श्रद्धा. "आमच्या बायकांले जरा धीर द्या," असं मार्थामावशी फोनवर म्हणाल्या होत्या. म्हणजे जिची लेक तिच्याशी बोलत नव्हती, ती बाई दुसऱ्यांना लेकींविषयी सांगायला चालली होती. देव अधूनमधून आपली थट्टा करतो, असं माझं पूर्वीपासून मत आहे.

अबोल्याचं कारण असं. नाताळ झाला आणि शारोनने चर्चच्या गायनवृंदात गाणं सोडून दिलं. का, ते काही केल्या सांगेना. "मला नाही गायचं," एवढंच. मी चिडले आणि तिचा मोबाईल काढून घेतला. तो आता माझ्या पर्समध्ये माझ्या मोबाईलशेजारी पडून होता. तिच्या बाबांची रेल्वेत ड्यूटी, म्हणून तिला सोबत घेतलं होतं. ती आली, पण सामानासारखी आली.

अकोला गेलं, बडनेरा गेलं. आमच्याकडच्या केळीच्या बागा केव्हाच मागे पडल्या होत्या. आता काळी माती, उभी तूर आणि मधूनमधून कपाशीची शेतं, बोंडं फुटून पांढरी झालेली. वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून वाकलेल्या दिसत. धामणगावनंतर वर्धा नदीचा पूल धडधडत गेला आणि पुलगाव आलं. शेजारीच लष्कराचा मोठा दारूगोळ्याचा डेपो आहे, त्यामुळे फलाटावर ट्रंका घेतलेले जवान बरेच होते.

आणि त्या गर्दीत एक संत्रीवाली बसली होती. शारोनला संत्री अतिशय आवडतात. तह करायचा तर रिकाम्या हाताने कसा करायचा, असा विचार करून मी पर्स खांद्याला लावली आणि खाली उतरले. किलोभर घेतली. त्यात दोन नरम निघाली, ती बदलून मागितली. तेवढ्यात गाडी हलली.

मी धावले. साडी, पर्स, पिशवी आणि माझं वजन, असे चौघं मिळून धावलो. एका जवानाने मला दंडाला धरून मागे ओढलं. "माताजी, मत दौड़िए, गिर जाएँगी!" खिडकीतून शारोनचा चेहरा पुढे सरकला. तोंड उघडं होतं, पण काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग गाडीचा शेवटचा डबाही गेला.

मग माझ्या लक्षात आलं, दोन्ही मोबाईल माझ्याकडेच होते.

मी फलाटावरच्या बाकावर बसले. प्रार्थना करायला घेतली. नेहमी मी देवाला शारोनविषयी भरपूर सांगते. ती ऐकत नाही, तिला वळण लाव, तिचं मन बदल. आता फक्त "तिला सांभाळ" एवढंच निघालं आणि तेच मी पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

पर्समध्ये फोन वाजला. माझा नव्हे, तिचा. अनोळखी नंबर.

"मम्मी, मी. समोरच्या काकूंच्या फोनवरून बोलतेय. तुझा नंबर पाठ नाही, माझाच आहे." आवाज थरथरत होता, पण थोडासाच. "तुला लागलं नाही ना? पडलीस का?"

"नाही गं. तू घाबरू नकोस, मी..."

"मी नाही घाबरले. तू घाबरलीस. मी वर्ध्याला उतरते, काकूपण तिथेच उतरणार आहेत. तू त्या मार्थामावशींना फोन कर. आणि रडू नकोस, लोक बघत असतील."

लोक बघतच होते. चार दिवसांनी मुलगी माझ्याशी बोलली होती. मी मावशींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी आत्ताच टेशनावर निघाली. तुम्ही सावकाश या."

पुलगावहून देवळीमार्गे वर्ध्याला एसटी जाते, ती मी धरली. शेजारी हिरव्या लुगड्यातल्या एक बाई होत्या, मांडीवर टोपली. मी गळ्यातला क्रूस मुठीत घट्ट धरून बसले होते, ते त्यांनी पाहिलं.

"काऊन व बाई, बरं नाई का?"

"माझी मुलगी रेल्वेत राहिली. एकटीच पुढे गेली."

"लहान हाय?"

"पंधरा वर्षांची."

"अव माय! मले वाटलं तान्ही हाय." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "पंधराची पोरगी हरवत नसते. तुम्हीच हरवल्या, असं समजा. माही पोरगीबी तेवढीच हाय. घरात मले सरळ बोलत नाई. अन् बाजारात कोनी मले वाकडं बोललं, तं त्याच्या अंगावर धावून जाते."

"मग तुम्ही तिला काय म्हणता?"

"काय म्हनू? दोन पोया जास्त वाढतो." (पोया म्हणजे पोळ्या.) मग माझ्या मुठीकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या येशूले सांगून ठेवलं ना?"

"सांगितलंय."

"मंग आता शेंगा खा."

टोपलीत मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा होत्या. आम्ही दोघी देवळी येईपर्यंत सोलत बसलो. इतक्या चवदार शेंगा मी आजवर खाल्लेल्या नाहीत.

नालवाडीत मार्थामावशींच्या दारात पोहोचले, तर आतून हसण्याचा आवाज येत होता. मावशी साठीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेल्या. "आल्या का! पोरगी तं केव्हाचीच कामाले लागली." स्वयंपाकघरात शारोन बेसनाच्या पारीत सांभार (कोथिंबीर) भरून सांभारवड्या वळत होती. नाकाला पीठ लागलेलं. माझ्याकडे वरून खालपर्यंत बघून तिने विचारलं, "संत्री आणलीस का?"

मी पिशवी पुढे केली आणि तिला इतकी घट्ट मिठी मारली, की पीठ माझ्या साडीलाही लागलं.

दुसऱ्या दिवशी सभा दुपारी होती. सकाळी मावशींनी आम्हाला पवनारच्या बसमध्ये बसवून दिलं. धाम नदीच्या काठी आश्रम आहे, आणि खाली पात्रात मोठमोठे काळे खडक. पाणी बेताचंच, पण स्वच्छ. एका खडकावर कोवळ्या उन्हात पाय सोडून बसलो.

"आज माझ्यावरचं काय सांगणार आहेस?" शारोनने पाण्याकडे बघत विचारलं.

"तुझ्यावरचं?"

"तू प्रत्येक सभेत सांगतेस ना. मला गणितात किती पडले. मी आरशासमोर किती वेळ असते. मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी रडले, तेपण नाताळाआधीच्या सभेत सांगितलंस. सगळ्या हसल्या. त्यातल्या दोघींच्या मुली माझ्या वर्गात आहेत, मम्मी." तिने एक खडा पाण्यात टाकला. "गायला उभं राहिलं की सगळी मंडळी समोर दिसते. मला वाटतं, ह्या सगळ्यांना माझं सगळं माहीत आहे."

'अगं, मी कौतुकानेच सांगते', हे उत्तर जिभेवर आलं होतं. ते गिळलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "तुझं होतं ते, आणि मी वाटत फिरले."

"मी लगेच परत गाईन असं नाही."

"नको गाऊस. तुझं तू ठरव."

मी पर्समधून तिचा मोबाईल काढून तिच्या हातात दिला. तिने तो न बघताच खिशात टाकला, याचं मला नवल वाटलं.

"मग आज मी बोलू काय?" मी विचारलं. "माझं अर्धं भाषण तुझ्यावरच आहे."

ती पहिल्यांदा मोकळी हसली. "पुलगावचं सांग. त्यात फजिती तुझी आहे."

तसंच केलं. पंचवीसेक बायका सतरंज्यांवर बसल्या होत्या. 'साडी, पर्स, पिशवी आणि वजन' इथे तर मार्थामावशी डोळे पुसायला लागल्या. मग मी येशूच्या आईची, मरीयेची आठवण काढली. तिचाही बारा वर्षांचा मुलगा यात्रेत मागे राहिला होता. तिने शोध शोध शोधलं आणि सापडल्यावर 'असं का केलंस?' म्हणून विचारलं, तर त्याचं उत्तर तिला समजलंही नाही. तरी तिने ते मनात जपलं. मुलांचं जे समजत नाही ते मनात ठेवावं, हे मला आजवर जमलेलं नाही, असं मी सांगून टाकलं.

मागच्या बाजूने एक बारीक चणीची आई उभी राहिली. "माही पोरगी चर्चले येतच नाई. म्या काय करू?"

मी मावशींकडे बघितलं. मार्थामावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "माही मोठीबी येत नव्हती. म्या तिले 'चाल' म्हननं बंद केलं. देवाजवळ रोज तिचं नाव घेतो, अन् रविवारी तिच्यासाठी जेवन करून ठेवतो."

"मंग येऊन राह्यली का आता?"

"चर्चले? नाई अजून. जेवाले येते. एक रविवार चुकवत नाई."

सगळ्याजणी हसल्या. ती आईसुद्धा हसली आणि पदराने डोळे टिपून खाली बसली. शेवटी प्रार्थना करताना मावशींनी सांगितलं, प्रत्येकीने आपल्या लेकीचं फक्त नाव घ्यायचं, तक्रार एकही करायची नाही. पंचवीस नावं एकामागून एक येत गेली. माझा नंबर आला तेव्हा शारोन दाराला टेकून उभी होती. मी "शारोन" म्हटलं आणि थांबले. एरवी तिथून पुढे मी बराच वेळ बोलते.

परतीच्या गाडीत तिने मला एकाही स्टेशनवर उतरू दिलं नाही. चहासुद्धा खिडकीतून.

पुढच्या रविवारी ती गायनवृंदात उभी राहिली नाही. माझ्या शेजारी बाकावर बसली आणि दुसऱ्या कडव्यापासून हळूच गायला लागली. वळून बघायचा मोह मला फार झाला. मी समोर भिंतीकडे बघत राहिले. त्यात केवढी श्रद्धा लागते, ते ज्यांच्या घरी अशी मुलगी आहे त्या आयांना सांगायला नको.

हे प्रवासवर्णन छापायला देण्याआधी मी शारोनला वाचायला दिलं. पवनारचं ठेवू का, असंही विचारलं. "ठेव," ती म्हणाली, "दुसऱ्या आयांना कळेल." पण दोन परिच्छेद काढायला लावले. लिहिणारी म्हणून सांगते, तेच सगळ्यात चांगले उतरले होते. त्यांत काय होतं, ते मात्र मी कुणाला सांगणार नाही.