धुरातला फोटो

अक्षर कोंबडीचे पाय, चुकाही असतील. चौथीपर्यंतच शिकले, माफी असावी.

आज भाकरी करपली आणि वीस वर्षांपूर्वीचं लेकीचं अमेरिकेतलं, सांता क्लाराचं घर आठवलं. जावयाचा फोटोग्राफर मित्र आफ्रिकेतल्या आडगावांत फिरून आला होता. टीव्हीवर फोटो दाखवत होता. चुलीपाशी बसलेली एक बाई.

"तोंड झाकून बसली होती यार. पैसे दिले, मग हात काढला!"

माझ्या भाकऱ्या चापत सगळे हळहळले, "काय गरिबी! काय डोळे!"

तेवढ्यात तव्यावरची करपली, अलार्म बोंबलला, धुरानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कॅमेरा उचलला. "मावशी, हलू नका! सेम एक्स्प्रेशन!" मी तोंडावर पदर घेतला. त्यानं ओट्यावर वीस डॉलर ठेवले आणि हसत थांबला.

"आई, गंमत आहे गं," लेक म्हणाली. मी पदर सोडला, त्यानं फोटो काढला.

एवढं जग फिरून हा दिवटा शिकला काय, तर बाईच्या 'नाही'चा भाव.

त्या नोटेची लेकीनं भाजी आणली. मग मी शेजारच्या काकूंना दिवाळीचा फराळ करून दिला आणि पैसे जमवले. तो पुन्हा जेवायला आला, तेव्हा माझ्यादेखत फोटो पुसायला लावला, आणि वीसच्या वीस डॉलर त्याच्या हातावर टेकवले.